नायफायची रांग तुंबली तर: रिकामी करण्याआधी काय काय पाहावे

अपाची नायफाय म्हणजे एका यंत्रणेतून दुसरीकडे माहिती वाहून नेणारे सॉफ्टवेअर. त्याच्या कॅनव्हासवर, म्हणजे प्रवाह मांडण्याच्या पडद्यावर, दोन टप्प्यांना जोडणाऱ्या कुठल्याही कनेक्शनवर उजवी क्लिक केली की 'एम्प्टी क्यू', म्हणजे तिथे साचलेली रांग रिकामी करा, असा एक पर्याय दिसतो. हा लेख त्या पर्यायाकडे बोट जाण्याआधीच्या अर्ध्या तासाबद्दल आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे रात्री साडेअकराला एक कनेक्शन लाल झाले. ड्यूटीवरच्या मुलाने घाबरून रांग रिकामी केली. आकडा शून्यावर आला, त्याने सुटकेचा निःश्वास टाकला आणि पंधरा मिनिटांत रांग पुन्हा काठोकाठ भरली. दोष पुढच्या डेटाबेसच्या कनेक्शन पूलमध्ये, म्हणजे डेटाबेसशी उघडून ठेवलेल्या जोडण्यांच्या साठ्यात, होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. त्यात गेलेल्या नोंदी मूळ स्रोताकडून परत मागवण्यात पुढचे दोन दिवस गेले, ते वेगळेच.

नायफाय मुळात अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत, म्हणजे एनएसएमध्ये, 'नायगारा फाइल्स' या नावाने तयार झाले. 2014 मध्ये ते अपाची फाउंडेशनकडे आले. नाव धबधब्याचे असले तरी त्याची खरी करामत पाणी अडवण्यात आहे. प्रत्येक कनेक्शन म्हणजे एक छोटे धरण. खालचा प्रोसेसर, म्हणजे माहितीवर एक ठरावीक काम करणारा डबा, मंदावला की ते भरते आणि भरले की वरचा प्रोसेसर आपोआप थांबतो. यालाच बॅक प्रेशर म्हणतात. त्यामुळे भरलेली रांग दिसली म्हणजे बिघाड झालाच असे नाही. बऱ्याचदा यंत्रणा नेमून दिलेले काम करत असते.

आधी ठरवा: अडकली आहे की नुसती भरली आहे

कनेक्शनची मूळ मर्यादा 10,000 फ्लोफाइल (प्रवाहातून जाणारी माहितीची एकेक पुडकी) किंवा 1 जीबी, यातली जी आधी गाठली जाईल ती. कनेक्शनवरच्या दोन छोट्या पट्ट्या या मर्यादेच्या 60 टक्क्यांपर्यंत हिरव्या, 85 पर्यंत पिवळ्या आणि त्यापुढे लाल असतात. ही मर्यादा लवचीक आहे. वरच्या प्रोसेसरला काम देण्यापूर्वी ती तपासली जाते, काम चालू असताना नाही. म्हणून एक फाइल फोडून 50,000 तुकडे करणारा प्रोसेसर एका दमात मर्यादा ओलांडू शकतो. 10,000 च्या मर्यादेवर 58,000 चा आकडा पाहून दचकू नका.

आता त्याच कनेक्शनवर 'लिस्ट क्यू' करा. पहिल्या 100 फ्लोफाइल दिसतील. त्यातला 'क्यूड ड्युरेशन' हा रकाना पाहा, पाच मिनिटांनी पुन्हा पाहा. पहिल्या क्रमांकावरची फाइल बदलली असेल तर रांग सरकते आहे आणि प्रश्न वेगाचा आहे. तीच फाइल असेल आणि तिचा थांबण्याचा काळ तेवढाच वाढला असेल, तर रांग खरोखर अडकली आहे. 'पेनलाइज्ड' हा रकानाही बघा. तिथे 'येस' असेल तर प्रोसेसरने ती फाइल एकदा हाताळून पाहिली, जमले नाही, आणि आता ती मुद्दाम बाजूला बसवली आहे. ही शिक्षा मूळ मांडणीत 30 सेकंदांची असते. सगळ्याच फाइली पेनलाइज्ड दिसत असतील तर थेट लॉगकडे वळा. उत्तर तिथेच आहे.

प्रवाहाबरोबर खाली चालत जा

शिरवळला गाड्यांची रांग लागली म्हणून कोणी शिरवळला दोष देत नाही. वर खंबाटकीत ट्रक आडवा झालेला असतो, हे पुणे-सातारा रस्त्यावरच्या कुठल्याही ड्रायव्हरला ठाऊक आहे. नायफायमध्ये मात्र भलेभले लाल कनेक्शनच्या मागच्या प्रोसेसरला खोदत बसतात.

पद्धत सोपी आहे. लाल कनेक्शनच्या पुढच्या प्रोसेसरकडे जा. त्याच्यापुढचे कनेक्शनही लाल असेल तर आणखी पुढे जा. ज्या प्रोसेसरच्या मागची रांग भरलेली आणि पुढच्या सगळ्या रांगा मोकळ्या, तो तुमचा आरोपी. वाटेत फनेल (अनेक कनेक्शन एकत्र करणारा सांधा), प्रोसेस ग्रुपचे (प्रोसेसरच्या गटाचे) पोर्ट लागतील. ग्रुपच्या आत शिरा, बाहेर पडा, पण धागा सोडू नका.

'सगळ्या रांगा' हे शब्द मी जाणून वापरले. प्रोसेसरला बाहेर जाणाऱ्या वाटा अनेक असतात आणि त्यातली एक जरी भरली तरी तो प्रोसेसर पूर्ण थांबतो. सक्सेसची वाट रिकामी, फेल्युअरची भरलेली, तरीही काम बंद. माझ्या अनुभवात रांग अडकण्याचे सर्वांत मोठे कारण हेच. लोक फेल्युअरची वाट एखाद्या बंद ठेवलेल्या लॉग अॅट्रिब्यूट (फाइलची माहिती लॉगमध्ये लिहिणाऱ्या) प्रोसेसरला जोडून ठेवतात, 'नंतर बघू' म्हणून. महिनोन्‌महिने रोज पाच-पंचवीस फाइली तिथे साचतात आणि एका रात्री दहा हजारावी फाइल येते. त्या रात्री बदललेले काहीच नसते, म्हणून सगळे चक्रावतात. आधी त्यातल्या काही फाइली उतरवून तपासा. मग त्या वाटेला नीट शेवट द्या: फाइल डिस्कवर किंवा वेगळ्या साठ्यात लिहून टाका. तसे करण्यालायक नसेल तर कनेक्शनवर मुदत घाला. मुदतीचा मूळ आकडा 0 असतो, म्हणजे फाइल कधीच बाद होत नाही. घातलेली मुदत संपली की फाइल गुपचूप नाहीशी होते, हे मात्र धंद्याच्या बाजूच्या माणसांना आधी सांगून ठेवा.

याच जातीचा दुसरा फास म्हणजे वर्तुळ. 'अ' मधून 'ब' कडे सक्सेस जाते आणि 'ब' चे फेल्युअर परत 'अ' कडे येते. दोन्ही रांगा एकदम भरल्या की 'अ' ला 'ब' कडे टाकता येत नाही आणि 'ब' ला 'अ' कडे. दोघेही एकमेकांची वाट पाहत कायमचे उभे. तातडीची सुटका म्हणून परतीच्या कनेक्शनची मर्यादा वाढवा. रांग सुटली की वर्तुळ मोडा. 1.16 आवृत्तीपासून प्रोसेसरच्या सेटिंगमध्येच कोणत्या वाटांसाठी पुन्हा प्रयत्न करायचा आणि किती वेळा ते सांगता येते, त्यामुळे अशी बरीच वर्तुळे आता लागतच नाहीत.

आरोपीच्या डब्यावरचे आकडे वाचा

प्रोसेसरच्या चौकटीत मागच्या पाच मिनिटांचे आकडे असतात: आत किती आल्या, बाहेर किती गेल्या, किती टास्क (कामाच्या फेऱ्या) झाले, त्यात किती वेळ गेला. वर उजव्या कोपऱ्यात चालू थ्रेडची, म्हणजे त्या क्षणी समांतर चाललेल्या कामांची, संख्या दिसते. एवढ्यावर निदान जवळपास होते.

चौकटीवर पिवळा त्रिकोण असेल तर मांडणी अवैध आहे. बहुधा कोणीतरी कंट्रोलर सर्व्हिस (अनेक प्रोसेसर मिळून वापरतात ती सामायिक सेवा) बंद केलेली असते. लाल चौकोन म्हणजे प्रोसेसर थांबवलेला आहे. हसू नका. दर दोन-तीन महिन्यांनी मी हा चौकोन पाहतो.

टास्क शून्य आणि थ्रेडही शून्य: प्रोसेसरला काम मिळतच नाही. पुढची एखादी वाट भरली आहे, थ्रेडचा साठा संपला आहे किंवा वेळापत्रकात घोळ आहे. कोणीतरी 'रन शेड्यूल' 60 सेकंदांवर ठेवले आणि प्रोसेसर एका फेरीत एकच फाइल उचलणारा असेल, तर दिवसाला 1440 फाइली जातील, एकही जास्त नाही.

टास्क शून्य, पण थ्रेड एक किंवा अधिक: प्रोसेसर आत शिरला तो बाहेर आलाच नाही. पुढचा भाग याच्यासाठीच आहे.

टास्क हजारो, पण बाहेर शून्य: तो धडपडतो आहे आणि प्रत्येक वेळी हात हलवत परत येतो आहे. चौकटीच्या कोपऱ्यात बुलेटिन, म्हणजे त्रुटीची सूचना, दिसेल. ते पाच मिनिटांतच निघून जाते, म्हणून त्याच्या भरवशावर न राहता लॉग फोल्डरमधल्या नायफाय-अॅप लॉगमध्ये त्या प्रोसेसरचा आयडी शोधा. आमच्या त्या रात्रीची गोष्ट हीच होती. डेटाबेस कनेक्शन पूलची मूळ कमाल 8 कनेक्शनची असते आणि मोकळे कनेक्शन मिळण्यासाठी फक्त 500 मिलिसेकंद वाट पाहिली जाते. कोणीतरी 'वेग वाढावा' म्हणून प्रोसेसरचे समांतर टास्क 20 केले होते. आठ जण आत, बाराजण दारात भांडत.

आत अडकलेला थ्रेड

इथे अंदाज करू नका, थ्रेड डंप, म्हणजे प्रत्येक थ्रेड या क्षणी कोडच्या कोणत्या ओळीवर आहे त्याची यादी, घ्या. 1.x आवृत्त्यांमध्ये ज्या सर्व्हरवर नायफाय चालते तिथे नायफायच्या मुख्य स्क्रिप्टला 'डंप' हा आदेश आणि पुढे फाइलचे नाव दिले की झाले. एक डंप पुरत नाही. दहा-पंधरा सेकंदांच्या अंतराने तीन घ्या. तिन्हींमध्ये 'टायमर-ड्रिव्हन प्रोसेस थ्रेड' या नावाच्या थ्रेडपैकी ज्यात तुमच्या प्रोसेसरच्या वर्गाचे नाव आहे तो शोधा. तिन्ही वेळा तो त्याच ओळीवर उभा असेल तर ती ओळच तुमचे उत्तर.

एक खाचखळगा सांगतो. नेटवर्कवरून उत्तराची वाट पाहणारा थ्रेड बऱ्याच वेळा 'रनेबल' असा दिसतो, म्हणजे कामात असल्यासारखा. जावाला, म्हणजे नायफाय ज्या भाषेत लिहिले आहे तिला, आतून एवढेच कळते. तेव्हा अवस्थेच्या शब्दावर जाऊ नका, वरच्या चार-पाच ओळी वाचा. सॉकेटवरून वाचण्याची ओळ असेल तर समोरचा सर्व्हर गप्प आहे. जेडीबीसी ड्रायव्हरची (जावाला डेटाबेसशी जोडणाऱ्या दुव्याची) ओळ असेल तर डेटाबेसमध्ये कोणीतरी टेबल कुलूपबंद केले आहे का ते डीबीएला, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्याला, विचारा. 'ब्लॉक्ड' असेल तर कोणत्या कुलपासाठी तो थांबला आहे ते खालीच लिहिलेले असते, आणि ते कुलूप ज्याच्या हातात आहे तो दुसरा थ्रेडही त्याच डंपमध्ये सापडतो.

मग सुटका. प्रोसेसर 'स्टॉप' करा. थ्रेड अडकलेला असल्याने चौकट थांबल्यासारखी दिसेल, पण थ्रेडचा आकडा जाणार नाही. आता उजव्या क्लिकवर 'टर्मिनेट' दिसेल. 1.7 आवृत्तीपासून ही सोय आहे. त्याआधी नायफायच पुन्हा चालू करावे लागे. टर्मिनेट केल्यावर प्रोसेसरच्या हातातल्या फाइली परत रांगेत येतात. आकड्याशेजारी कंसात अंक उरला तर तो थ्रेड अजून पडद्यामागे जिवंत आहे. तो नायफायचे आणखी काही बिघडवणार नाही, पण जागा अडवून बसेल.

इथे थांबून एक विचार करा. फाइल रांगेत परत आली याचा अर्थ बाहेरचे काम झालेच नाही असा नव्हे. डेटाबेसमध्ये नोंद पडली असेल आणि उत्तर यायच्या आत तुम्ही थ्रेड कापला असेल, तर तीच नोंद पुन्हा पडेल. पैशांचे व्यवहार असतील तर आधी समोरच्या टेबलात तपासा, मग प्रोसेसर चालू करा.

आजार परत येऊ नये म्हणून वेळमर्यादा घाला. एचटीटीपीसाठीच्या इन्व्होक प्रोसेसरला ती मुळात असते, जोडणीला 5 सेकंद आणि उत्तराला 15. डेटाबेसवर लिहिणाऱ्या प्रोसेसरमध्ये मात्र क्वेरीच्या कमाल वेळेचा आकडा बहुधा 0 असतो, आणि तिथे 0 म्हणजे अमर्याद. ते 0 बदला. कनेक्शन पूलला तपासणीची क्वेरीही द्या. फायरवॉलने मधल्यामध्ये मारलेली कनेक्शन पूलला जिवंतच वाटतात.

आकडा आहे, पण यादी रिकामी

नवख्यांना सर्वाधिक घाम फोडणारा प्रकार. कनेक्शनवर 400 फ्लोफाइल दिसतात, 'लिस्ट क्यू' केले की रांगेत एकही फाइल नाही असा संदेश येतो, 'एम्प्टी क्यू' करूनही आकडा हलत नाही. भूतबाधा वगैरे नाही. त्या फाइली पुढच्या प्रोसेसरने उचलून हातात धरल्या आहेत. मोजणीत त्या रांगेच्याच, यादीत मात्र येत नाहीत.

मर्ज कंटेंट, म्हणजे अनेक फाइली एकत्र करणारा प्रोसेसर, याचा मानकरी. किमान 1000 फाइली जमल्या की एकत्र कर, असे सांगितले आणि कमाल वयाचा रकाना कोरा ठेवला, तर 400 वर तो कल्पांतापर्यंत बसेल. कमाल वय द्या, मग ते पाच मिनिटांचे असो की तासाचे. डीफ्रॅगमेंट (फोडलेली फाइल पुन्हा जोडण्याची) पद्धत असेल तर गोष्ट आणखी नाजूक. मूळ फाइलच्या 12 तुकड्यांपैकी एक तुकडा वाटेत कुठल्या तरी फेल्युअरमध्ये पडला, तर उरलेले 11 त्याची वाट पाहत राहतात. अशा वेळी मर्जच्या आसपास न घुटमळता हरवलेला तुकडा शोधा. प्रोव्हेनन्समध्ये, म्हणजे प्रत्येक फाइलच्या प्रवासाच्या नोंदींत, मूळ फाइलच्या आयडीवरून वंशावळ उघडली की तो सापडतो.

वेट आणि नोटिफाय या प्रोसेसरच्या जोडीचेही असेच: वेट फाइली थांबवून ठेवते, नोटिफाय त्यांना सोडण्याचा इशारा देते. नोटिफायने दिलेला इशारा वितरित मॅप कॅशमध्ये (सामायिक तात्पुरत्या साठ्यात) ठेवला जातो. त्या कॅशला डिस्कवरचे फोल्डर दिले नसेल तर नायफाय पुन्हा चालू होताच सगळे इशारे पुसले जातात. शिवाय कॅशची मूळ कमाल 10,000 नोंदींची. गर्दीच्या वेळी काही इशारे बाहेर फेकले जातात आणि वेट त्यांची वाट पाहत राहते. आधी ही कमाल वाढवा, बाकीचे नंतर.

प्रोसेस ग्रुपच्या इनपुट पोर्टापाशीच रांग अडली असेल तर ग्रुपची 'फ्लोफाइल कॉन्करन्सी' पाहा. तिथे 'एका वेळी एकच' असे ठरवले असेल, तर ग्रुपच्या आत कुठल्याही कोपऱ्यात एक फाइल उरली तरी दुसरीला प्रवेश नाही. ती उरलेली एक फाइल कुठे असते? तेच ते 'नंतर बघू' वाले फेल्युअर.

सगळाच कॅनव्हास गारठला असेल तर

एक नाही, दहा ठिकाणी रांगा एकदम मंदावल्या, तर एकेका प्रोसेसरच्या मागे लागू नका. दोनच गोष्टी पाहा.

पहिली, थ्रेडचा साठा. कंट्रोलर सेटिंग्जमध्ये टायमर-ड्रिव्हन थ्रेडची कमाल मुळात 10 असते, तुमच्या मशिनला 32 कोअर असले तरी. हिशेब असा: 10 थ्रेड पाच मिनिटांत जास्तीत जास्त 50 मिनिटांचे काम करू शकतात. समरी उघडा, प्रोसेसरची यादी टास्कच्या वेळेनुसार लावा आणि वरच्या डझनभरांची बेरीज करा. ती 50 मिनिटांच्या आसपास आली तर साठा संपला. कोअरच्या दुप्पट ते चौपट हा आकडा ठेवण्याची रीत आहे. क्लस्टरमध्ये (अनेक सर्व्हर मिळून नायफाय चालवतात तिथे) तो प्रत्येक नोडला, म्हणजे एकेका सर्व्हरला, स्वतंत्र लागू होतो, त्यामुळे नोडच्या संख्येने गुणू नका. आणि सीपीयू आधीच 90 टक्क्यांवर असेल तर थ्रेड वाढवणे म्हणजे आगीतून फुफाट्यात. त्याऐवजी सर्वांत जास्त वेळ खाणाऱ्या दोन प्रोसेसरचे समांतर टास्क कमी करा. उरलेल्यांना श्वास मिळतो.

दुसरी, डिस्क. लॉगमध्ये 'वेटिंग फॉर आर्काइव्ह क्लीनअप' असे शब्द दिसले तर कंटेंट रिपॉझिटरीची, म्हणजे फाइलींचा मजकूर ठेवण्याच्या साठ्याची, जागा संपत आली आहे आणि नायफायने लिहिणेच रोखून धरले आहे. आर्काइव्हची (काम झालेल्या जुन्या मजकुराची) मर्यादा डिस्कच्या 50 टक्के असते, पण ती मोजताना त्या डिस्कवरचे सगळेच धरले जाते. लॉग, डेटाबेसचे बॅकअप, कोणाच्या तरी झिप फाइली त्याच डिस्कवर असतील, तर नायफाय स्वतःचे आर्काइव्ह शेवटच्या बाइटपर्यंत साफ करील आणि तरीही अडून बसेल. रिपॉझिटरींना वेगळी डिस्क देणे हाच इलाज. आणखी एक गंमत: अनेक छोट्या फाइलींचा मजकूर डिस्कवर एकाच गठ्ठ्यात ठेवला जातो. त्यातली एक छोटी फाइल जरी कुठल्या विसरलेल्या रांगेत पडून असली, तरी अख्खा गठ्ठा पुसता येत नाही. रांगांची बेरीज 2 जीबी आणि डिस्कवर 40, असे दिसले की हेच समजा.

'टू मेनी ओपन फाइल्स' हा संदेश आला तर लिनक्सवरची उघड्या फाइलींची मर्यादा 50,000 करा. नायफायच्या स्वतःच्या मार्गदर्शिकेत हाच आकडा दिलेला आहे.

क्लस्टर असेल तर

कॅनव्हासवरचा आकडा सगळ्या नोडची बेरीज असतो. समरीत कनेक्शनच्या ओळीवरून नोडवार तपशील उघडा. 9,000 फाइली एकाच नोडवर आणि बाकी दोन रिकामे, असे चित्र फार वेळा दिसते. कनेक्शनवर लोड बॅलन्सिंग (फाइली सगळ्या नोडवर वाटून देण्याची सोय) लावलेले असूनही असे असेल तर नोडमधला 6342 हा पोर्ट फायरवॉलने अडवला आहे का ते पाहा. नेटवर्कच्या माणसांनी वेब पोर्ट उघडलेला असतो, हा विसरलेला असतो. आणि आत येणारे कनेक्शन असलेल्या प्रोसेसरला 'फक्त प्रायमरी नोड' (क्लस्टरने त्या वेळी मुख्य म्हणून निवडलेला एकच नोड) असे ठरवू नका. प्रायमरी बदलला की आधीच्या नोडवरच्या फाइली तिथेच अडकतात.

आता रिकामी करायचीच असेल

कारण सापडले, दुरुस्त झाले आणि साचलेला माल खरोखर टाकाऊ आहे, तरच. आधी नमुन्याला दोन-तीन फाइली उतरवून ठेवा. रांग रिकामी केल्यावर प्रोव्हेनन्समध्ये त्याची नोंद राहते आणि मजकूर आर्काइव्हमध्ये असेपर्यंत आधीच्या टप्प्यावरून 'रिप्ले' करता येते. पण डिस्क तुंबलेली असेल तर आर्काइव्ह केव्हाच साफ झालेले असते, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा ही दोरी हाताला लागत नाही.

नायफाय चालूच होत नसेल, किंवा चालू होताच रांगांच्या ओझ्याने कोलमडत असेल, तर प्रॉपर्टीजच्या फाइलमध्ये 'ऑटो रिझ्यूम स्टेट' हा पर्याय 'फॉल्स' करून चालू करा. सगळे प्रोसेसर थांबलेल्या अवस्थेत उठतील. मग प्रवाहाच्या शेवटाकडून सुरुवातीकडे एकेक चालू करत या, म्हणजे साचलेले आधी निघते आणि नवे मागून येते. सगळे सुरळीत झाले की तो पर्याय परत 'ट्रू' करायला विसरू नका. नाहीतर पुढच्या वेळी सर्व्हर पॅच करून परत आला की सकाळपर्यंत काहीच हललेले नसेल. फ्लोफाइल रिपॉझिटरीचे फोल्डर पुसण्याचा सल्ला कोणी दिला तर त्याला चहा पाजा आणि कीबोर्डपासून दूर बसवा. ते फोल्डर गेले की एकूणएक रांगा गेल्या, चांगल्या चाललेल्यासुद्धा.

रांग सुटल्यावर लगेच उठू नका. चौकटीवरचे आकडे पाच मिनिटांचे असतात, म्हणून किमान दोन खिडक्या, दहा मिनिटे, बसून बघा. मग कनेक्शनच्या 'स्टेटस हिस्टरी'त जाऊन रांग नेमकी कधी चढायला लागली ती वेळ टिपून ठेवा. आमच्या त्या रात्री फोन साडेअकराला आला होता. रांग चढायला सुरुवात झाली होती दुपारी चारला, समांतर टास्क 20 केल्यानंतर लगेच.